क्लॅरी नसल्याचा पुरावा

ग्लेनिस हॉकिंगबद्दल लिहायचं तर आधी मी काय केलं ते कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला भली बाई समजायला नको. तिचा भत्ता बंद पडला त्यातला एक तृतीयांश दोष माझा. उरलेला पबवाला वॉली आणि बोल्स क्लबचा सेक्रेटरी मर्व्ह या दोघांचा. आम्ही तिघांनी आपापल्या परीने, अगदी मनापासून तिचं रक्षण केलं आणि तिला खड्ड्यात घातलं.

मी डॉट लिंडनर. कुलगारा नावाच्या आडगावात दुकान आणि पोस्ट एकाच काउंटरवर चालवते, गेली एकतीस वर्षं. एका टोकाला तिकिटं आणि शिक्के, दुसऱ्या टोकाला कांदे-बटाटे. गावात माणसं चौऱ्याऐंशी, त्यातली निम्मी पेन्शनवर, आणि उरलेली पेन्शनची वाट बघत असलेली.

ग्लेनिस सतरा वर्षांपूर्वी शुक्रवारच्या बसने आली. उतरल्या उतरल्या तिने मला विचारलं, "ही बस इथून पुढे कुठे जाते?"

"कुठेच नाही. इथूनच मागे फिरते."

"मग बरं," ती म्हणाली आणि बॅग खाली ठेवली. रेल्वे रस्त्याच्या टोकाचं, पूर्वी रूळ दुरुस्त करणारा गँगमन राहायचा ते पत्र्याचं घर तिने भाड्याने घेतलं. तेव्हा पंचेचाळिशीची असेल. डाव्या पायाने लंगडायची, आणि दुकानात आली की आधी दाराकडे तोंड करून उभी राहायची जागा शोधायची.

आठ महिन्यांनी, मी माझा शर्ट दुरुस्त करून मागितला तेव्हा सुईत दोरा ओवता ओवता तिने सांगून टाकलं. नवऱ्याने मागच्या पायऱ्यांवरून ढकललं होतं. कमरेचं हाड तेव्हाचं. तो पुढच्या वेळेला काय करेल ते बघायला ती थांबली नाही. "रॉइसला मी कुठे आहे ते कळता कामा नये, डॉट. बाकी मला या जगाकडून काही नको." त्या कमरेमुळे तिला फार वेळ उभं राहता येत नाही, म्हणून सरकार दर पंधरवड्याला अपंगत्वाचा भत्ता देतं. एकट्या माणसाचा दर, घरात जोडीदार असला की तो मिळत नाही. त्यावर भाडं, गोळ्या, कोंबड्यांचं खाणं आणि स्वतःचं खाणं, याच क्रमाने.

तेव्हा गावात हार्टिगन नावाचा हवालदार होता. तो तिला म्हणाला, "हे बघ, दारात पुरुषाचे मोठे बूट ठेव. दोरीवर एखादा पुरुषी शर्ट वाळत राहू दे. अनोळखी कुणी आला की सांगायचं, नवरा मागे शेडमध्ये आहे, हाक मारू का?" आमच्या इकडे एकटीने राहणाऱ्या बऱ्याच बायका हे करतात, त्यात नवीन काही नाही. वॉलीने आपले जुने तेरा नंबरचे बूट दिले. मर्व्हने शेडमध्ये एक खुर्ची आणि सतत चालू राहील असा रेडिओ ठेवला.

इथवर ठीक होतं. पण कुलगारात करमणुकीचा मोठा दुष्काळ आहे. बूट आले म्हणताच बुटांना माणूस हवा, माणसाला नाव हवं. पबमध्ये मतदान होऊन नाव ठरलं: क्लॅरी. पुढच्या ख्रिसमसला कुणीतरी क्लॅरीच्या नावाने सोडतीचं तिकीट घेतलं आणि मेला जिंकला की हो! डुकराच्या मांडीची सात किलोची हॅम. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात नावासकट छापून आलं: विजेते, श्री. क्लॅरी हॉकिंग. मग मर्व्हच्या लक्षात आलं की क्लबला बिअर विकायचं लायसन्स टिकवायला तीस सभासद लागतात आणि आहेत एकोणतीस. क्लॅरी तिसावा झाला. बोल्स हा हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ आमच्याकडे म्हातारे खेळतात, त्यामुळे एखादा सभासद वर्षानुवर्षं दिसला नाही तर कुणी विचारत नाही, फार तर हळहळतात.

ग्लेनिस या सगळ्याला हसायची. "इतक्या वर्षांत क्लॅरीने एकदासुद्धा आवाज चढवला नाही," म्हणायची. "तुमच्यापैकी कुणाला असा नवरा मिळालाय का?" मला तरी नव्हता मिळाला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एक पांढरी गाडी आली. त्यातून तिशीतला एक गृहस्थ उतरला, चकचकीत बूट, इस्त्रीची विजार. माझ्याकडून आइस्ड कॉफीचा खोका घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "ग्लेनिस हॉकिंग एकटीच राहतात का हो?"

मला वाटलं, रॉइसने पाठवला. मी म्हटलं, "एकटी? छे हो! नवरा आहे ना तिचा. सहा फूट तीन इंच. आणि डोक्याने भलता गरम."

तो हसून पबमध्ये गेला. वॉलीने ग्लास पुसता पुसता सांगितलं, "क्लॅरी ना? बुटका आहे हो, पण अंगाने नुसता रेडा. मेंढ्या कातरतो. लाल दाढी." तिथून गृहस्थ बोल्स क्लबवर. मर्व्ह म्हणाला, "आमचा सभासद आहे तो! एक हात नाही बिचाऱ्याला, पण दुसऱ्याने काय चेंडू टाकतो!" एक हात कुठे गेला, असं मी नंतर मर्व्हला विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं, एक हात नसलेला माणूस जास्त भीतीदायक वाटतो."

शेवटी तो तिच्या दारात गेला. बूट बघितले, शर्ट बघितला. ग्लेनिसने अर्धं दार उघडून पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "नवरा मागे शेडमध्ये आहे, हाक मारू का?" मागे रेडिओवर घोड्यांच्या शर्यतीचं वर्णन चाललं होतं. गृहस्थ "नको, नको" म्हणत गाडीत बसला. त्या संध्याकाळी आम्ही पबमध्ये एकमेकांच्या पाठी थोपटल्या. कसा पळवला!

नऊ दिवसांनी भत्त्याच्या ऑफिसचं पत्र आलं. माझ्याच हाताने मी ते तिला दिलं. तिने काउंटरवरच फोडलं आणि मोठ्याने वाचलं: "आपल्या घरात एक किंवा अधिक पुरुष जोडीदार राहत असल्याची माहिती मिळाल्याने चौकशी सुरू करण्यात आली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत आपला भत्ता थांबवण्यात येत आहे. याचा अर्थ आपण दोषी आहात असा होत नाही."

"एक किंवा अधिक?" ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो पांढऱ्या गाडीवाला रॉइसचा नव्हता, ऑफिसचा होता. एक उंच, एक बुटका, एक हात नसलेला. आम्ही तिला तीन नवरे दिले होते.

मला ते शेवटचं वाक्य अजून खुपतं. दोषी नाही म्हणायचं आणि ताटही ओढून घ्यायचं. माझ्या दुकानात बिस्किटं चोरल्याचा मला कितीतरी जणांवर संशय आहे, दोघांवर तर खात्रीच आहे. पण म्हणून शहानिशा होईपर्यंत मी कुणाला पाव विकायचा बंद करत नाही. चौकशी खुशाल करा, वर्षभर करा. पण चौकशी करणाऱ्याचा पगार चालू आणि जिची चौकशी तिची चूल बंद, हा कुठला न्याय?

तिच्या मोबाइलमध्ये पैसे नव्हते, म्हणून माझ्या फोनवरून, स्पीकर चालू करून, ऑफिसला लावला. एक तास पन्नास मिनिटं होल्डवर तीच ती बासरी ऐकली. मग लोरेन नावाची मुलगी आली, आवाजाने गोड.

"तुमच्या घरातल्या पुरुषांची नावं सांगता का, मॅडम?"

"घरात पुरुष नाही."

"बाहेर गेलेत का?"

"नाहीच आहे कुणी. कधी नव्हताच."

"बरं, मग ते घर सोडून कोणत्या तारखेला गेले?"

"जो आलाच नाही तो सोडून कसा जाईल, बाई?"

"मला तारीख टाकावी लागते हो. तारखेशिवाय पुढचं पान उघडत नाही."

ग्लेनिसने दीर्घ श्वास घेतला. "ऐक, क्लॅरी आम्ही सगळ्यांनी मिळून बनवलेला आहे. खोटा माणूस आहे तो."

टाइप केल्याचा आवाज आला. "खोटी... ओळख... वापरतो," लोरेन पुटपुटली. "मग असं करा, तो तुमच्याकडे राहत नाही असं त्याच्या सहीचं पत्र आणा."

"जो नाही त्याची सही?"

"वारला असेल तर मृत्यूचा दाखला चालेल."

"अगं, तो जन्मलाच नाही!"

"जन्मदाखला नसला तर हरकत नाही, मॅडम. पुष्कळांचा हरवतो."

मला राहवेना. मी फोन हिसकावून घेतला. "मी डॉट लिंडनर. तुमच्या माणसाला मी खोटं सांगितलं. सहा फूट तीन इंचवाला माझा आहे."

"म्हणजे तो तुमच्याकडे राहतो?"

"नाही! मी रचला!"

"म्हणजे तुम्ही साक्ष फिरवताय. ग्लेनिस मॅडम आत्ता तुमच्या शेजारी आहेत का?"

"आहे की."

"बरं," लोरेन म्हणाली, आणि पुन्हा टाइप केल्याचा आवाज आला.

रविवारी बोल्स क्लबात सभा भरली. वॉली म्हणाला, "मारून टाकू या त्याला. रीतसर अंत्यविधी करू, पेपरात देऊ." मर्व्हचा चेहरा पडला. "आणि लायसन्स? एकोणतीसच उरतील." यावर दोन तास चर्चा झाली. क्लॅरीला मारायचं, हाकलायचं, की प्रकृतीच्या कारणाने राजीनामा द्यायला लावायचं? ग्लेनिस कोपऱ्यात बसून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "अरे, मला पुढच्या आठवड्यात गोळ्या आणायच्या आहेत." तेव्हा सगळे ओशाळले. क्लॅरीचा राजीनामा मंजूर झाला आणि त्याच्या जागी वॉलीची सासू घेतली, जिला खेळ आणि बिअर दोन्ही पाप वाटतात.

आम्ही तिघे दीडशे किलोमीटर गाडी हाकत गेलो आणि मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्रं केली. मी उंच पुरुष मागे घेतला, वॉलीने बुटका, मर्व्हने एकहाती. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "तिन्ही पुरुषांनी एकाच दिवशी घर सोडल्याचे दिसून येते. या योगायोगाची स्वतंत्र तपासणी होईल." हार्टिगनला फोन केला, तो आता निवृत्त होऊन क्वीन्सलँडला मासे पकडतो. म्हणाला, "डॉट, मी सल्ला दिला होता हे खरं. पण पोलिसाने लोकांना खोटं बोलायला सांगितलं, असं मी लिहून देऊ? माझी पेन्शन थांबवतील ना गं!"

त्यात बारा जणांनी बारा पातेली भरून स्ट्यू नेऊन दिला. ग्लेनिसने पहिली दोन ठेवून घेतली, बाकीची परत पाठवली. "मी भीक मागायला लागले की मग खरंच काहीतरी लबाडी केल्यासारखं वाटेल मला," म्हणाली. अंडी आणि पालक यांवर राहायला लागली. औषधं माझ्याच काउंटरवर येतात, त्यामुळे मला कळत होतं, कमरेच्या गोळ्या ती एक दिवसाआड घ्यायला लागली होती. पोस्टापर्यंतची दोनशे पावलं चालायला तिला वीस मिनिटं लागायची. आत आली की मी काहीतरी निमित्त काढून तिला पोत्यावर बसवायची आणि मग गोदामात जाऊन शिव्या द्यायची. कुणाला ते मलाच कळत नव्हतं, स्वतःलाच देत असेन.

सातव्या आठवड्यात तो पांढऱ्या गाडीवाला पुन्हा आला, यावेळी गळ्यात ओळखपत्र लटकवून. नाव टोबिन. ग्लेनिसने मला सोबतीला बोलावलं होतं. त्याने शेड उघडली. आत खुर्ची, रेडिओ चालू.

"रेडिओ कोण ऐकतं?" त्याने विचारलं.

"कुणीच नाही."

"मग चालू का?"

"कुणीतरी ऐकतंय असं वाटावं म्हणून."

"कुणाला वाटावं?"

"तुम्हाला," ग्लेनिस म्हणाली.

त्याने ते लिहून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. कोंबड्यांना पाय न लागू देता जपून चालायचा. जाताना आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, एक सोपा मार्ग आहे. तुमच्या पूर्वीच्या नवऱ्याचं चार ओळींचं पत्र आणा, की या घरातला माणूस मी नव्हे. निदान एक पुरुष तरी कमी होईल. फाइल हलेल."

ग्लेनिसने भिंत धरली. "रॉइसला विचारायचं नाही."

"नुसता एक फोन करायचा..."

"नाही! नको मला तुमचा भत्ता. कायमचा बंद करून टाका, मी सही करते."

टोबिनचा चेहरा खरंच कसनुसा झाला. "तसं करता येत नाही. चौकशी चालू असताना भत्ता बंद करता येत नाही. तो फक्त थांबवता येतो."

"मग हे तरी लिहा," ती म्हणाली. "त्याने माझं हाड मोडलंय. त्याला माझा पत्ता कळता कामा नये. लिहिताय ना?"

त्याने लिहिलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. फॉर्मच्या शेवटच्या चौकटीत, जिथे 'इतर' असं छापलेलं असतं.

अकराव्या आठवड्यात जाडजूड पाकीट आलं. मी दुकान उघडं टाकून धावत तिच्या घरी गेले, मागून वॉली आणि मर्व्ह. तिने वाचलं: "चौकशी पूर्ण झाली आहे. घरात कोणताही पुरुष आढळला नाही. भत्ता मागील सर्व रकमेसह पूर्ववत सुरू होईल." मी तिला मिठी मारली. वॉली बिअर आणायला पळाला. मर्व्ह म्हणाला, "क्लॅरीला परत घेता येईल का? सासू फार पिडते सगळ्यांना." मी हसून हसून बेजार झाले.

ग्लेनिसने पान उलटलं.

"श्री. रॉइस हॉकिंग यांनी दूरध्वनीवर व लेखी असे दोन्ही प्रकारे सहकार्य केल्यामुळे हा निर्णय शक्य झाला. पारदर्शकतेच्या धोरणानुसार या पत्राची प्रत सर्व संबंधितांना पाठवण्यात आली आहे."

पत्राच्या डोक्यावर, ठळक अक्षरात, तिचा पत्ता होता. घर क्रमांक, रेल्वे रस्ता, कुलगारा, पिनकोड. पिनकोडची तर मला चीडच आली. पोस्टातल्या बाईला येते तशी.

मी तिथूनच ऑफिसला फोन लावला. नशिबाने लोरेनच मिळाली. "पण काकू," ती म्हणाली, "त्यांच्यामुळेच तर मॅडम सुटल्या! किती छान बोलले ते. मॅडमची तब्येत कशी आहे, अजून शिवणकाम करतात का, सगळं विचारत होते."

मी फोन ठेवला. काय म्हणाली ते ग्लेनिसने विचारलं नाही. माझ्या तोंडावर वाचलं असावं.

वॉली बिअरच्या बाटल्या घेऊन आला, त्याला सगळं सांगावं लागलं. त्याने बाटल्या खाली ठेवल्या आणि बाह्या सरसावल्या. "येऊ दे त्याला! आम्ही आळीपाळीने झोपतो इथे. मी आहे, मर्व्ह आहे."

"तुम्ही आहात हे मला माहितीये, वॉली," ग्लेनिस म्हणाली. "पण त्याला घाई नसते. तुम्ही कंटाळेपर्यंत तो थांबेल." मर्व्ह एक्याऐंशीचा आहे.

गुरुवारी तिचे अकरा आठवड्यांचे पैसे जमा झाले. तिने थकलेलं भाडं दिलं आणि कोंबड्या मर्व्हला दिल्या. शुक्रवारी बॅग आणि शिलाई मशीन घेऊन दुकानासमोर येऊन बसली. मी टपाल पुढे पाठवायचा फॉर्म भरायला घेतला. नाव लिहिलं, जुना पत्ता लिहिला, आणि पेन तिच्यापुढे धरलं. "नवा पत्ता टाक. निदान गाव तरी."

"नको, डॉट."

"अगं, मी कुणाला सांगणार आहे?"

"कुणीतरी येईल, गोड बोलेल, काहीतरी विचारेल. आणि तू माझं भलं करायला जाशील." रागाने म्हणाली नाही. राग असता तर मी भांडले असते.

बस आली. मी तिला आत चढवलं, मशीन वर दिलं, आणि काउंटरमागे येऊन लहान पोरीसारखी रडले. एक गिऱ्हाईक बटाटे हातात घेऊन तसंच उभं होतं.

तीन आठवड्यांनी तिच्या नावाने ऑफिसचं पत्र आलं. दुसऱ्याचं टपाल उघडणं गुन्हा आहे आणि मी ते उघडलं. "आपण नोंदवलेल्या पत्त्यावर राहत नसल्याची माहिती मिळाल्याने चौकशी सुरू करण्यात आली आहे. नवा पत्ता कळवेपर्यंत आपला भत्ता थांबवण्यात येत आहे." तिने नवा पत्ता कधीही कळवू नये, असं मी मनापासून म्हणते. आणि जेवायला बसले की, ती काय खात असेल या विचाराने माझा घास तोंडातच राहतो.